सोमवारची गाडी

१

तळ्याच्या बांधावर माझ्या तीन बाभळी होत्या. मंगळवारी सकाळी घागर घेऊन गेले, तर तिथं तीन बुडखे उरले होते.

घागर हातातून कधी सुटली ते कळलंच नाही. ती गडगडत पाण्यापर्यंत गेली आणि मी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली. 'माझ्या' बाभळी म्हणते म्हणून कुणी नाक मुरडू नका. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं हे तळ्याचं काम काढलं, तेव्हा बायकांच्या टोळीची मुकादम मी होते. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन आम्ही पाट्या वाहिल्या. डोक्यावरची चुंबळ झिजली तशी टाळूही झिजली. त्या दिवसांत गावानं चुलीसाठी झाड म्हणून ठेवलं नाही, एकूण एक बाभळ तोडून जाळली. या तिघी तेवढ्या उरल्या, कारण टोळीचा दुपारचा घास त्यांच्या सावलीत व्हायचा आणि मी तिथं कुणाला कुऱ्हाड घेऊन फिरकू दिलं नाही.

त्यांच्या मुळांनी बांध धरून ठेवला होता. आमच्या सोलापूरकडं खरा पाऊस पडतो तो उत्तरा-हस्ताचा. तो आला की नव्या मातीचा बांध मुळांशिवाय किती टिकणार? म्हणून तर दुष्काळ सरल्यावर गावानं देवळात बसवण्णासमोर शब्द दिला होता: बांधावर आणि माळावर कुऱ्हाडबंदी, आणि दसऱ्यापर्यंत चराईबंदी. शब्द पाळला आणि माळावर गुडघाभर गवत आलं. तळ्यामुळं विहिरींना उन्हाळ्यातसुद्धा पाणी राहायला लागलं.

बोंब ऐकून गाव धावलं. सगळ्यांच्या पुढं होते माझे थोरले दीर गुरुबसप्पा. गाव त्यांना आण्णा म्हणतं. तळं भरलं तेव्हा त्यांचं काळंभोर रान पाण्याखाली गेलं आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही, म्हणून गावानं त्यांना फेटा बांधून बंदीच्या कमिटीचं मुख्य केलं होतं. ते ताडताड बांध चढून वर आले. बुडखे बघून कपाळावर हात मारून घेतला.

"सोमवारी सगळं गाव जत्रंला गेलं, तेवढ्यात डाव साधला!" ते म्हणाले. "हितं माघारी कोण राहिलं होतं? बोला की!"

श्रावणी सोमवार होता. संगमावरच्या महादेवाला झाडून सगळं गाव पायी गेलं होतं. पायीच जायचं, कारण सोमवार बसवण्णाचा. आम्हा लिंगायतांच्या घरात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग कितीही नड असो. आण्णासुद्धा निघाले होते, पण गुडघा धरला म्हणून अर्ध्या वाटेतून घरी परतले. ते सोडले तर मागं राहिली म्हातारी माणसं, सिदू धनगर आणि ज्ञानबा सुतार.

"सिदूनंच केलं," कोणीतरी म्हणालं. "चराईबंदीचा राग हाय त्येला."

तेवढ्यात शेजारचा शिवलिंगप्पा ओरडला, "आरं, हितं बघा! गाडीची चाकोरी!"

काळ्या मातीत दोन खोल चाकोऱ्या बांधापासून डांबरी सडकेकडं गेल्या होत्या. सोमवारी कुणीतरी गाडी चालवली होती. सगळ्या गावाच्या माना ज्ञानबा सुताराकडं वळल्या, कारण आमच्या गावात सोमवारी बैल जुंपणारा माणूस तेवढा एकच होता.

२

आण्णांनी तिथल्या तिथं न्याय मांडला. श्रावणी सोमवारी आमच्या घरोघरी जू धुऊन त्यावर विभूतीचे पट्टे ओढतात, फूल वाहतात. बैलाच्या मानेवर ठेवलं की विभूती पुसणार.

"ज्येनं त्येनं आपापलं जू आणून दाखवावं," आण्णा म्हणाले. "माझ्यापास्नं सुरुवात!"

त्यांचं जू आलं. विभूतीचे तिन्ही पट्टे जसेच्या तसे, वर झेंडूचं सुकलेलं फूल. मग एकेका घरातून जू आलं. सगळ्यांची विभूती शाबूत. राहिला ज्ञानबा, आणि तो लिंगायत नसल्यानं त्याच्या जुवावर विभूती असण्याचा प्रश्नच नव्हता.

"झालं की मग!" आण्णा म्हणाले. "झाडं तोडली सिदूनं, वाहिली ज्ञानबानं. गुरवारी देवळात बैठक. धनगराची मेंढरं या शिवारात नकोत, सुताराला बलुतं नको. आन् ही बंदीबी उठवा. चोरानं न्यायचं आन् आपण राखत बसायचं, ह्ये कुटलं शानपन?"

आणि गाव चक्क माना डोलवायला लागलं! माझ्या अंगाची आग आग झाली. चोर राहिला बाजूला, बंदीच उठवायला निघाले. आज बंदी उठली की उद्या माळावर कुऱ्हाडी, परवा बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला रचलेले पिचिंगचे दगड कुणाच्या तरी जोत्याला. उत्तरेच्या पहिल्या पावसात तळं फुटून आम्ही पुन्हा खडी फोडायला. मी नवरा गेलेली, दाराआडून बोलणारी सून, पण पदर सावरला आणि गर्दीतून ओरडले, "गुरवारपातुर थांबा! चोर मी हुडकून देते. न्हाई दिला तर बंदी उठवा आन् माझ्या नावानं शिमगा करा!"

"तू?" आण्णा हसले. "हुडक बाई, हुडक."

तशीच माळावर गेले. सिदूच्या वाड्यात मेंढरं कोंडलेली होती. त्याची बायको मायाक्का घोड्यावर बिऱ्हाड बांधत होती. तिचा बाळंतपणाचा महिना भरत आलेला आणि ती दोर आवळत होती.

"सोड ती गाठ," मी म्हटलं.

"अक्का, गुरवारी हाकलून देण्यापरीस आदीच गेलेलं बरं," ती म्हणाली. "माझं लेकरू ह्या पाण्यावर जन्मंल म्हनत हुते. न्हाई नशिबात, दुसरं काय."

सिदू दगडावर बसून होता. 

"सोमवारी कुटं हुतास?" मी विचारलं.

"वरल्या माळाच्या पल्याड, बंदी न्हाई तितं. बांधाकडं फिरकलोबी न्हाई. बंदी हाय न्हवं."

"काय ऐकलंस?"

"करवतीचा आवाज आला. वाटलं, ज्ञानबाच्या घरचा आसंल. मग मानसं वरडत हुती, हैस्सा, हैस्सा. म्हटलं जत्रंची पालखी-बिलखी आसंल. मग सडकंवर टरकचा भोंगा."

"आन् गाडी? बैलांच्या घुंगरांचा आवाज?"

सिदूनं मान वर केली. "न्हाई अक्का. त्येवढं न्हाई ऐकलं. वाऱ्यावर बैलाचं घुंगरू कोसावरनं कळतंय मला. सोमवारी सकाळी ज्ञानबाची गाडी वडगावाकडं गेली, ती ऐकली. पर ती उलट्या वाटंला."

३

ज्ञानबा सुतार आपल्या कामट्यात, सुतारकामाच्या छपरात, बसून तंबाखू चोळत होता. मला बघून उठलासुद्धा नाही.

"या वैनी. चोर बघायला आलासा?"

"तोंड वाकडं करू नको. सोमवारी वडगावला गेला हुतास ते गावाला का न्हाई सांगितलंस?"

"का सांगू?" तो भडकला. "इतकी वर्सं ह्यांची गाडी मोडली की मी, तिफण मोडली की मी, पोरीच्या लग्नाचा पाट मी. आन् एका चाकोरीवरनं चोर? वडगावच्या सोयऱ्यांना इचारा, दिसभर तितंच हुतो. पर मी शपथा घेत फिरनार न्हाई. बलुतं काढून घेतील? घेऊ देत. मग मोडक्या गाड्या रानात वडत न्या म्हनावं, हातांनी!"

त्याच्या बोलण्यात राग होता, खोट नव्हती. पण राग म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. वडगावचे सोयरे त्याच्याच बाजूनं बोलणार, असं गाव म्हणणारच.

तिथून निघाले ती सरळ चाकोरी धरून चालायला लागले. सकाळी गाव बांधापाशीच थांबलं होतं. चोर कोण ते आधीच ठरल्यावर पुढं कशाला कोण जातंय? रविवारी पावसाची सर पडून गेली होती, सोमवारी गाडी गेल्यावर ऊन पडलं आणि काळी माती उमटलं ते सगळं धरून वाळली होती. चाकोऱ्यांमधलं अंतर लुगड्याच्या पदरानं मोजून पाहिलं. हातगाडीचं नव्हतंच ते, चांगल्या बैलगाडीचं होतं.

सडकेच्या अलीकडं चढ आहे. भरल्या गाडीला तिथं बैल जीव लावून ओढतात, खूर मातीत निम्मे जातात. मी वाकून पाहिलं. मग गुडघ्यावर बसून पाहिलं. मग चढाच्या टोकापर्यंत रांगत गेले, लोकांनी पाहिलं असतं तर वेडीच म्हटलं असतं.

दोन चाकोऱ्यांच्या मध्ये एकही खूर नव्हता. होती ती माणसांची पावलं. टाचा नव्हत्याच, नुसते पायाचे चवडे, बोटं मातीत रुतलेली.

बैलगाडी माणसांनी ओढली होती.

४

घरी येऊन भाकरी थापायला बसले, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. तव्यावर एक भाकरी करपली.

ओल्या लाकडानं भरलेली गाडी माणसं ओढतात, म्हणजे काय? बैल नसलेल्या माणसाचं काम म्हणावं, तर गाडी कुणाची? बैल असलेल्यानं ते का जुंपले नाहीत? ज्ञानबा असता तर त्यानं बिनघोर जुंपले असते, त्याला सोमवार काय आणि मंगळवार काय. सिदूकडं गाडीच नाही. टरकवाले परगावचे, त्यांना आमचा सोमवार ठाऊक नाही. ते म्हणाले असते, बैल आण की. टरकच्या हमालांना गाडीला जुंपायची बुद्धी ज्याला झाली, त्याचे बैल दावणीला होते, पण सोमवार म्हणून त्याला ते जुंपवत नव्हते.

मी हातातलं पीठ झटकलं. आई गं! जुवावरची विभूती ज्याची शाबूत, तो सुटला असं गावानं धरलं होतं. खरं म्हणजे चोर त्यांच्यातलाच एक होता. गावाला दिलेला शब्द मोडणारा, बाभळीवर करवत चालवणारा, पण सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायला ज्याचा हात धजला नाही असा माणूस. मी स्वतः सोमवार पाळते. म्हणून तो माणूस मला आरशात बघितल्यासारखा कळला.

आमच्यातलं सगळं धडधाकट माणूस त्या दिवशी जत्रेत होतं. एकच गुडघा धरून परतलं होतं. आणि मंगळवारी तोच गुडघा सगळ्यांच्या पुढं ताडताड बांध चढला होता.

 देवा, दुसरा कुणी निघू दे, असं मी खरंच म्हटलं.

बुधवारी जाऊबाईकडं ताक मागायला म्हणून थोरल्या घरी गेले. अंगणात गाडी उभी होती. चाकं स्वच्छ धुतलेली. शनिवारपासून जागची हलली नाही असं आण्णा सांगत होते, मग धुतली कशाला? पण पाण्यानं माती जाते, वंगण जात नाही. मी वाकून चाकाच्या मधल्या गड्ड्यामागं, तुंब्याच्या मागं, जिथं चाक आखावर बसतं तिथं पाहिलं. काळ्याकुट्ट वंगणात बाभळीची पिवळी फुलं चिकटली होती. एक नव्हे, चांगली मूठभर. शिवारात दुसरीकडं बाभळ राहिली होती कुठं?

"ताक हवं हुतं न्हवं?" मागून आवाज आला. आण्णा सोप्यावर उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चाकाकडं पाहिलं.

"चंद्रव्वा," ते हळू बोलले, "तू ह्या घरची सून हाईस. तुझ्या वाटणीचं रान अजून माझ्या वहिवाटीत हाय. देवळात तोंड उघडायच्या आदी येवढं ध्यानात ठेव."

मी ताक न घेताच निघाले. दारातून वळून म्हटलं, "हाय की ध्यानात. म्हणूनच बोलणार हाय."

५

गुरुवारी दिवस मावळायच्या आत देवळासमोर गाव बसलं. आण्णा मधे. सिदू आणि ज्ञानबा एका बाजूला, उभे. त्यांना बसा म्हणायलासुद्धा कुणी तयार नव्हतं.

"चोर सापडला का गं?" आण्णांनी विचारलं. "न्हाई तर बंदी उठली म्हणून समजा."

मी उठले. त्यांच्यासमोर पदर कायम कपाळाखाली असायचा, तो मागं सारला. बायकांच्यात कुजबुज झाली. माझ्या टोळीतल्या बजाबाई आणि निंगव्वा माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या, मी न सांगता.

"सापडला," मी म्हटलं. "पर आदी मला सांगा, सोमवारी गाडी गेली ती बैलांनी वडली का?"

"मग काय तू वडलीस?" कुणीतरी हसलं.

"चढावर जाऊन बघा. चाकोरीत खूर न्हाईत, माणसांचे चवडे हाईत. टरकचे हमाल जुंपले हुते गाडीला. सिदूनं त्यांची हैस्सा ऐकली, घुंगरू न्हाई ऐकलं. आता तुमीच सांगा, ज्ञानबानं हमाल का जुंपावेत? त्येला सोमवारची कसली आडकाठी? सोमवारी बैल जुंपायला भितो कोण? आपण भितो! त्या जुवांवरची विभूती बघून तुमी आपल्या लोकांना सोडलं. आरं, तीच खूण हुती!"

 शिवलिंगप्पानं हळूच आजूबाजूच्या माणसांकडं पाहिलं, जो तो तसाच पाहत होता.

"सुम्मनिरु!" आण्णा कानडीत ओरडले. गप्प बस. आमच्या घरात हा शब्द आला की बायका गप्प बसतात.

"न्हाई बसत," मी म्हटलं. "लई वर्सं बसले. आण्णा, तुमचा गुडघा सोमवारी दुखत हुता आन् मंगळवारी बांध चढताना न्हाई. तुमची गाडी शनवारपास्नं हलली न्हाई, पर चाकं धुतली. आन् तुंब्याच्या वंगणात बाभळीची फुलं हाईत. शिवलिंगप्पा, जाऊन बघून या."

"आमच्या घरात घुसून पुरावं पेरलंस!" आण्णा ताडकन उठले. "रानाच्या वाटणीसाठी चाललंय हिचं! रांडमुंड बाई, मला चोर म्हनती!"

लोकांची चलबिचल झाली. शब्दाला शब्द होता, आणि त्यांचा शब्द थोर. फुलं मी चिकटवली नाहीत हे मी कशानं दाखवणार होते? माझ्याकडं एकच गोष्ट उरली होती. मी वळून नंदीकडं बोट केलं.

"ह्यो बसवण्णा. ह्येच्या पाठीवर हात ठिवून म्हणा, मी न्हाई केलं. येवढंच म्हणा. मी ह्याच पायांनी गाव सोडून जाते, रानबी तुमचं, घरबी तुमचं."

आण्णा नंदीजवळ गेले. हात वर उचलला. तो हात बोटभर अंतरावर थांबला तो थांबलाच. ज्या माणसाला रिकाम्या शिवारात, कुणी बघत नसताना, सोमवारी बैल जुंपवला नव्हता, त्याच्यानं भर गावात नंदीवर खोटा हात कसा ठेववणार? मला ते माहीत होतं. 

हात खाली आला. आण्णा नंदीच्या पायाशी मटकन बसले.

"माझं रान," ते म्हणाले. "बापजाद्याचं रान गिळलं त्या तळ्यानं. फेटा बांधलासा, झालं? त्या फेट्याला ज्वारी येती का? बाभळी गेल्या की बांध जाईल, बांध गेला की रान वर येईल, म्हटलं. बंदीबी मोडंल. टरकवाल्याला लाकूड दिलं, त्येचे हमाल घेतले."

"आन् पोटुशी बाई बिऱ्हाड बांधत हुती, ते दिसलं न्हाई?" बजाबाई कडाडली.

मला रडू येणार होतं, पण राग आधी आला. "आण्णा, तुमचं रान गेलं त्येच्यावर सगळं गाव पाणी पेलं. तुमचं घरबी त्येच पाणी पितं. रान मागायचं हुतं तर गावाला मागायचं. दिलं असतं आमी, माळावर तोडून दिलं असतं! चोरी कशाला केलीसा?"

 बंदी उठवायचं नाव मग कुणी काढलं नाही. शिवलिंगप्पानं उठून सिदूला घोंगडीवर बसवलं आणि ज्ञानबासमोर पान ठेवलं. ज्ञानबानं ते लगेच घेतलं नाही. बराच वेळ तसंच राहू दिलं, मग घेतलं. बरोबर केलं.

६

पावसानं आमच्या भांडणाची वाट पाहिली नाही. रविवारी संध्याकाळी दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. बुडख्यांपाशी माती सुटायला लागली होती. दगड आणि मुरूम टाकून बांध दाबून घ्यायचा तर सोमवारीच, मंगळवारपर्यंत थांबणं म्हणजे तळ्यावर पाणी सोडणं.

"सोमवार हाय," शिवलिंगप्पा हात चोळत म्हणाला. "गाड्या कशा जुंपायच्या?"

"आण्णांनी दावलंय की कशा जुंपायच्या," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी गावातल्या सगळ्या गाड्या खाणीपासून बांधापर्यंत लागल्या आणि बैल दावणीला वैरण खात राहिले. बायकांची टोळी पुन्हा पाट्या घेऊन उभी राहिली. ज्ञानबा आपली गाडी घेऊन आला, वाटेत थांबून त्यानं बैल सोडले आणि स्वतः दांडीला लागला. का रे, असं विचारलं तर म्हणाला, "आज माझ्याबी बैलांना सुट्टी." सिदूनं सगळी मेंढरं नव्या मातीवर पुढं-मागं फिरवली. त्यांच्या खुरांनी माती अशी दाबून बसली की धुम्मस मारायची गरज उरली नाही. मायाक्का जडावलेल्या पायांनी बुडख्यांजवळ बसून, उन्हाळ्यात याच तिघींच्या शेंगा खाल्लेल्या मेंढरांच्या साठवलेल्या लेंड्या पुरत होती. मेंढराच्या पोटातून आलेली बाभळीची बी लवकर रुजते, हे धनगरांच्या पोरासोरांना ठाऊक असतं.

पहिली गाडी थोरल्या घरची होती. तिच्या दांडीला सगळ्यांच्या पुढं आण्णा होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुणी हाकलूनही दिलं नाही.

चढावर चाक रुतलं. तीच जागा. मी पाटी खाली ठेवली. आण्णांनी मान वळवून मागं पाहिलं. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"चंद्रव्वा," ते म्हणाले, "मागनं जोर लाव की जरा."

मी पदर खोचला आणि चाकाला खांदा दिला.

"लावते की, आण्णा. पर तुमी थांबू नका. अजून लई माती टाकायची हाय."